गाडी तापते, पण कधी?

‘गाडी तापते’ एवढं एकच वाक्य घेऊन जुनी व्हॅन गॅरेजमध्ये येते आणि त्या वाक्याच्या भरवशावर सुटे भाग बदलायला सुरुवात होते. आधी थर्मोस्टॅट, मग रेडिएटरची टोपी, मग फॅनची मोटर, शेवटी अख्खा रेडिएटर. एवढं होऊनही पुढच्या घाटात काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे सरकतो. यात फिटरचं कौशल्य कमी पडतं असं नाही. त्याला मिळालेली माहितीच अपुरी असते. सिग्नलला उभी राहिल्यावर तापणारी गाडी आणि चढावर तापणारी गाडी, या दोन वेगळ्या आजारांच्या गाड्या आहेत. ‘कधी’ हे नीट सांगता आलं, तर ‘का’ शोधण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

हे नेमकं कसं करायचं ते पाहण्यासाठी मारुतीची ओम्नी डोळ्यांसमोर ठेवू. ही गाडी 1984 मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, 1988 मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी आजही ती भाजी आणते, मंडपाचं सामान वाहते, मुलांना शाळेत सोडते. अनेक घरांचं पोट तिच्यावर चालतं. अशी गाडी एकदा जोरात तापून हेड वाकलं, तर खर्च होतोच आणि वर धंदाही काही दिवस बसतो. म्हणून हे निदान मालकाला स्वतःला येणं फार मोलाचं आहे.

पाण्याची वाट

ओम्नीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि ते पुढच्या सीटखाली असतं. रेडिएटर मात्र गाडीच्या नाकाशी, खाली. म्हणजे पाण्याला इंजिनापासून रेडिएटरपर्यंत आणि परत, असा लांब पाइपांतून प्रवास करावा लागतो. बॉनेट उघडून सगळं एका नजरेत दिसण्याची सोय इथे नाही. सीट उचलावी लागते, गाडीखाली वाकावं लागतं. या रचनेमुळे गळती लवकर नजरेस पडत नाही आणि पाइपांत हवा अडकायला जागा मिळते.

पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांशाच्या आसपास भाग चाकं फिरवायला उपयोगी पडतो. बाकीची बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली मुख्यतः पाण्याला वाहून न्यावी लागते. फॅन बेल्टवर चालणारा वॉटर पंप हे पाणी ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं आणि इंजिन लवकर गरम होतं. साधारण 82 अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि 95 अंशांच्या सुमारास पूर्ण उघडतो. मग गरम पाणी पुढे रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने निवतं आणि पंपाकडे परततं.

रेडिएटरची टोपी हे नुसतं झाकण नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा तिच्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. या गाड्यांत ती सुमारे 0.9 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब धरते, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दाब त्याहून वाढला की पाणी बारीक पाइपने बाटलीत जातं. इंजिन निवलं की टोपीतलाच दुसरा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच पाणी परत ओढून घेतलं जातं. उरला फॅन. तो विजेवर चालतो. गाडी धावत असते तेव्हा समोरचा वारा पुरेसा असतो, त्यामुळे फॅनची खरी गरज गाडी उभी असताना किंवा रेंगाळताना पडते.

यातून चार गोष्टी निघतात: पाणी पुरेसं हवं, ते फिरायला हवं, त्यातली उष्णता वाऱ्याने निघायला हवी आणि दाब टिकायला हवा. जवळजवळ प्रत्येक बिघाड यांपैकी एकात बसतो, आणि प्रत्येकाची ‘कधी’ची खूण वेगळी असते.

थंड इंजिनावरची पाहणी

पहिली पाहणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा. गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नका. दाब सुटताच शंभर अंशांच्या वरचं पाणी त्या क्षणी वाफ होऊन उसळतं आणि चेहरा, हात भाजतात. या गाडीत हे सगळं बसायच्या जागेला लागून आहे, म्हणून धोका आणखी मोठा.

थंड गाडीची टोपी काढल्यावर पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. नुसती बाटली पाहून समाधान मानू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं अनेकदा सापडतं. पाणी बाटलीत जातं, पण परत येत नाही. अशा वेळी टोपीतला परतीचा व्हॉल्व्ह अडकलेला असतो, किंवा बाटलीच्या बारीक पाइपला चीर पडलेली असते आणि पाण्याऐवजी हवा ओढली जाते. दोन्हींचा खर्च किरकोळ आहे. दुर्लक्ष केलं तर किंमत हेडची.

टोपी हातात आहे तोवर ती नीट पाहा. खालचं रबर कडक झालंय का, त्यावर गळ्याच्या कडेचा खोल वण उमटलाय का, मधली छोटी चकती नखाने ओढली की सहज हलते आणि परत बसते का, स्प्रिंग गंजलीय का. मग गळ्याची आतली कड बोटाने चाचपा. तिथे खड्डा किंवा क्षाराची खपली असेल, तर नवी टोपीही दाब धरणार नाही. नवी घेताना तिच्यावरचा दाबाचा आकडा जुळतो का ते पाहा.

घाटावर टोपीचं महत्त्व किती ते एका हिशेबातून कळतं. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातलं साधं पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो तोही त्याच सुमारास. म्हणजे टोपी दाब धरत नसेल, तर पसरणी घाट चढून वर पोचेपर्यंत बाकी सगळं ठणठणीत असलेलं इंजिनसुद्धा पाणी उकळवून बाहेर फेकू शकतं.

त्यानंतर पाण्याचा रंग पाहा. कूलंटचा मूळ रंग हिरवा, निळा, लाल असा काहीही असेल, पण तो स्वच्छ असावा. तपकिरी गढूळपणा म्हणजे आत गंज, वर तेलाचा तवंग म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. सगळे होज पाइप हाताने दाबून पाहा. चांगला पाइप दाबला जातो आणि लगेच मूळ आकारात येतो. लिबलिबीत, फुगलेला किंवा दाबताना आतून कुरकुरणारा पाइप बदलायचा. प्रत्येक क्लिपपाशी पांढरी किंवा रंगीत पापडी आहे का पाहा. गरम इंजिनावर कूलंट थेंब थेंब गळतं आणि लगेच वाळतं, म्हणून ओल दिसत नाही. मागे उरते ती ही पापडी. वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून पाझरतं. त्या भोकाखाली डाग दिसला, तर पंप आता फार दिवस टिकणार नाही.

शेवटी बेल्ट. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोराने दाबला की तो 6 ते 9 मिलिमीटर खाली जावा. जास्त गेला तर तो घसरतो, अजिबात गेला नाही तर पंपाचं बेअरिंग खातो. हाच बेल्ट अल्टरनेटरही फिरवतो. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला असं समजून तिथेच थांबा.

उभी राहिली की तापते

मोकळ्या रस्त्यावर काटा स्थिर, सिग्नलला किंवा शाळेच्या दारात थांबलं की चढतो, आणि गाडी हलली की पुन्हा उतरतो. ही खूण वाऱ्याची. पाणी आहे, फिरतंय, पण उभ्या गाडीत त्यातली उष्णता काढायला हवा मिळत नाही.

इंजिन चालू ठेवा आणि फॅन सुरू होण्याची वाट पाहा. काटा मध्याच्या बराच वर गेला तरी फॅन हलला नाही, तर मोटर खराब आहे की तिला हुकूम देणारा स्विच, हे आधी ठरवायचं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पाण्याच्या वाटेवर थर्मोस्विच असतो. इग्निशन चालू ठेवून त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि फॅन फिरला, तर मोटर, फ्यूज आणि वायरिंग ठीक; दोष स्विचचा. तरीही फिरला नाही, तर मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊन पाहा. तेव्हा फिरला तर फ्यूज, रिले किंवा अर्थिंग शोधा. तेव्हाही नाही तर मोटर गेली. नंतरच्या एमपीएफआय गाड्यांत फॅनचा हुकूम संगणकाकडून येतो. तिथे सेन्सरच्या वायरी जोडायचा प्रयोग करू नका, स्कॅनर लावून घ्या. आणि कोणत्याही गाडीत, बंद दिसणारा फॅन अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात आणि ओढणीचं टोक पात्यांपासून लांब ठेवा.

फॅन फिरतोय म्हणजे तो हवा ओढतोय, असंही नाही. रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर उडत असेल, तर मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत आणि पातं उलटं फिरतंय.

मग जाळी. ओम्नीचा रेडिएटर खाली असल्याने चिखल, गवत, किडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या थेट त्यावर येतात. पावसाळ्यात मातीच्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीत फटींमध्ये मातीचा थर वाळून बसतो आणि समोरून पाहिलं तर तो दिसतही नाही. मागून दिव्याचा झोत टाका आणि समोरून पाहा. उजेड सगळीकडून आला पाहिजे. धुताना पाणी फॅनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा आणि जोर बेताचा ठेवा, नाहीतर पातळ पाती वाकून फटी कायमच्या बंद होतात. समोर लावलेले जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न, जाडजूड गार्ड यांनीही हवा अडते.

चढावर तापते

शहरात काही त्रास नाही, पण भरलेली गाडी घाटाला लागली किंवा महामार्गावर वेग धरला की काटा चढतो. ही खूण पाण्याच्या प्रवाहाची. इंजिन जास्त उष्णता तयार करतंय आणि ती वाहून नेण्याइतकं पाणी फिरत नाही, किंवा फिरूनही निवत नाही.

इथे पहिला संशय रेडिएटरच्या आतल्या क्षारावर. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाडीत कॅल्शियमचा थर बारीक नळ्या बुजवत जातो. गाडी पूर्ण तापवा, फॅन चालला की इंजिन बंद करा, फॅनचा प्लग काढा आणि रेडिएटरच्या जाळीवर हात जवळ नेऊन उष्णता पाहा. गरम पाणी शिरतं त्या बाजूपासून निघतं त्या बाजूपर्यंत उष्णता हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मध्येच थंड पट्टा लागला, तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. उष्णता मोजायची इन्फ्रारेड बंदूक मिळाली तर काम आणखी सोपं. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल, तर रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून सळईने नळ्या साफ करून घेता येतात. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा असेल तर बहुधा बदलणंच परवडतं.

दुसरा संशय थर्मोस्टॅट अर्धवट उघडण्याचा. तो काढून तपासता येतो. त्याच्या व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवा आणि दोऱ्याने तो पाण्याच्या भांड्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवा. 82 अंशांच्या सुमारास व्हॉल्व्ह उघडायला लागेल आणि थर्मोस्टॅट दोऱ्यातून सुटून खाली पडेल. फार उशिरा सुटला किंवा उकळत्या पाण्यातही जेमतेम उघडला, तर तो बाद. हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, कारण कूलंट विषारी असतं. थर्मोस्टॅटला हवा जाण्यासाठी बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असेल, तर बसवताना ती वरच्या बाजूला यावी.

तिसरा संशय परतीच्या पाइपावर. पंप या पाइपातून पाणी ओढतो. पाइप आतून मऊ झाला असेल तर साध्या आयडलिंगला तो ठीक दिसतो, पण रेस वाढवली की चपटा होतो आणि पाणी अडतं. एकाने ॲक्सिलरेटर दाबावा, दुसऱ्याने पाइपावर नजर ठेवावी. पाच मिनिटांत कळतं.

पाण्याची व्यवस्था निर्दोष निघाली, तर इंजिन मुळातच जास्त उष्णता तयार करतंय का ते पाहा. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल, मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहत असेल, क्लच घसरत असेल, तर चढावर इंजिनाला फुकटचं जास्त राबावं लागतं. थोडं अंतर चालवून चाकांच्या जवळ हात न्या. एकच चाक इतरांपेक्षा खूप गरम लागलं, तर काट्याचं कारण त्या ब्रेकमध्ये आहे.

पाणी सारखं कमी होतं

दर आठवड्याला पाणी घालावं लागणं हा आजार आहे, सवय करून घेण्याची गोष्ट नाही. दाबाखालची व्यवस्था बंदिस्त असते. तिच्यातून पाणी कमी झालं म्हणजे ते कुठून तरी बाहेर गेलं.

बाहेरची गळती शोधायला हातपंपासारखं प्रेशर टेस्टर वापरतात. थंड इंजिनावर ते टोपीच्या जागी बसवायचं, टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरायची आणि काटा पाहायचा. दाब उतरला तर गाडीखाली, पंपापाशी, प्रत्येक जोडावर थेंब शोधायचा. ओम्नीत लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. गंजलेला धातूचा पाइप आणि रबर जिथे जोडले जातात तिथे आधी पाहा.

गॅसवर चालणारी ओम्नी असेल, तर आणखी एक जागा आहे. एलपीजीच्या व्हेपोरायझरला गरम ठेवण्यासाठी इंजिनाचंच पाणी बारीक पाइपांनी तिथे नेलेलं असतं. त्या जोडांवर गळती होते आणि हवाही अडकते. गाडी गरम झाल्यावरही व्हेपोरायझर गारच असेल, त्यावर बर्फासारखा थर येत असेल आणि गॅसवर गाडी गचके देत असेल, तर ती पाणी कमी झाल्याची किंवा त्या पाइपात न पोचल्याची खूण समजा. काटा चढण्याआधीच मिळणारा हा इशारा फार कामाचा आहे.

बाहेर कुठेच गळती नाही आणि पाणी तरी संपतं, तेव्हा हेड गॅस्केटकडे वळावं लागतं. खुणा अशा: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी गरम होण्याआधीच, वरचा होज दगडासारखा टणक होतो. थंड असतानाच टोपी काढून इंजिन सुरू केलं, तर गळ्यातून बुडबुडे येत राहतात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. तीन प्लगांपैकी एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ होतं. मात्र थंडीत सकाळची थोडी वाफ, किंवा फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली साचलेला थोडा पांढरा साका, एवढ्यावरून गॅस्केट गेलं असं ठरवू नका. खात्रीसाठी एक रासायनिक चाचणी असते: रेडिएटरच्या गळ्यावरची हवा निळ्या द्रवातून ओढतात, आणि तिच्यात जळलेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी करून घ्यायला हवी.

हेड उतरवलंच, तर ते सपाट आहे का हे मोजल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तापून वाकतं. सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज सरकवतात. या इंजिनाला 0.05 मिलिमीटरपर्यंतचाच फरक चालतो. जास्त निघाला तर फेसिंग करावं लागतं. वाकलेल्या हेडवर बसवलेलं नवं गॅस्केट पुन्हा जातं आणि सगळी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

काटा उड्या मारतो

काटा अचानक चढतो, अचानक पडतो, किंवा पाणी बदलल्यानंतर लगेच त्रास सुरू होतो. बहुतेक वेळा पाइपांत हवा धरलेली असते. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला की त्या जागेला पाणी लागत नाही. दुसरी शक्यता सेन्सरची किंवा मीटरची. हाताला इंजिन नेहमीइतकंच गरम लागतं आणि काटा लालमध्ये आहे, तर वायर आणि सेन्सर तपासा. पण उलट प्रकार जास्त घातक आहे: पाणी खूप कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन जळत असताना काटा ‘सगळं ठीक’ म्हणतो. म्हणून चढलेला काटा एकदम पडला तर सुटलो असं समजू नका. थांबा आणि पाणी तपासा.

हवा काढायची तर गाडी अशी उभी करा की भरण्याचं तोंड पाण्याच्या वाटेत सर्वांत उंच येईल. नाक वर करून चढावर उभी केल्याने अनेकदा काम होतं. हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा. इंजिन थंड असताना कूलंट अगदी सावकाश भरा आणि होज हाताने दाबत राहा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. टोपी उघडी ठेवून इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा पुन्हा भरा, टोपी लावा, आणि गाडी पूर्ण निवल्यावर पातळी परत पाहा.

भरायचं काय? आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं अनेकजण विचारतात. कूलंट गंज रोखतं, पंपाचं सील जपतं आणि उकळण्याचं तापमान वाढवतं. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटरचा धातू एकाच पाण्यात असले की साधं पाणी त्यांना आतून खातं. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घाला. जुनं काढलेलं कूलंट जमिनीवर सोडू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, आणि लहान मुलांनाही त्यापासून तेवढाच धोका आहे.

दोन घातक जुगाड

थर्मोस्टॅट काढून टाकणं आणि फॅन डायरेक्ट करणं, हे दोन उपाय रस्तोरस्ती केले जातात. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचतं किंवा पोचतच नाही. पेट्रोल जास्त लागतं, सिलिंडर लवकर झिजतात, एमपीएफआय गाडीत संगणक इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. फॅन डायरेक्ट केला की मोटर सतत राबून जळते आणि बॅटरीवर ताण येतो. पण याहून मोठं नुकसान असं की दोन्ही उपाय खूण पुसून टाकतात. बुजलेला रेडिएटर आतमध्ये तसाच बुजत राहतो, गॅस्केट तसंच झिरपत राहतं, आणि मालकाला कळतं ते मे महिन्यात, भरलेल्या गाडीसह घाटात. वाटेत अडकल्यावर घरी पोचण्यापुरता असा उपाय करावा लागला, तर दुसऱ्या दिवशी तो उलटवून खरा दोष शोधलाच पाहिजे.

रस्त्यात तापली तर

काटा चढतोय पण वाफ नाही, पाणी शाबूत आहे: एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा, सावलीत बाजूला घ्या आणि फॅन चालत असेल तर इंजिन दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा. काटा उतरला नाही तर बंद करा. वाफ निघतेय किंवा पाणी सांडलंय: लगेच इंजिन बंद. आधी सगळ्यांना गाडीतून उतरवा, मुलांना लांब उभं करा, मगच सीटला हात लावा. टोपीला निदान पाऊण तास हात नको. निवल्यावर जाड फडक्याने हळूच अर्धी फिरवून दाब सोडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून इंजिन निवल्यावर ते सुरू ठेवून थोडं थोडं घाला. अडचणीत पिण्याचं पाणी चालेल. नंतर ते काढून व्यवस्थित कूलंट भरा.

गॅरेजला जाण्याआधी चार ओळी कागदावर लिहा: कधी तापते (उभी असताना, चढावर, की सुरू केल्याबरोबर), त्या वेळी फॅन चालत होता का, पाणी किती घालावं लागलं आणि किती दिवसांनी, आणि त्याआधी गाडीत कोणतं काम झालं होतं. चांगल्या फिटरला एवढं पुरतं. काम झाल्यावर ज्या प्रसंगी गाडी तापत होती तोच प्रसंग तिला पुन्हा द्या: सिग्नलला तापत असेल तर वीस मिनिटं उभी ठेवून, चढावर तापत असेल तर वजन घेऊन चढावरच. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनाची टोपी काढून पातळी पाहा. पाणी गळ्यापर्यंत असेल आणि त्या परीक्षेत काटा हलला नसेल, तरच दुरुस्ती झाली असं म्हणा. नाहीतर कागदावर पाचवी ओळ लिहा आणि गाडी परत फिटरकडे न्या.